नाणं चकचकीत, पण हातात टिकत का नाही? जादूगारांची नाणी, घाम आणि पकडीचं विज्ञान

जादूगार दोन्ही तळवे दाखवतो. हात रिकामे. मग तो हवेत बोटं फिरवतो आणि एक नाणं काढतो. मग दुसरं, मग तिसरं. समोरचे लोक डोळे फाडून बघत असतात.

हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो. नाणं नको त्या वेळी हातातून निसटता कामा नये. पत्त्यांच्या खेळात एखादं पान खाली पडलं तर हसून सावरून घेता येतं. नाण्याचं तसं नाही. ज्या हातात काहीच नाही असं लोकांना पटवलंय, त्याच हातातून 'टण्ण' असा आवाज करत नाणं फरशीवर पडलं, तर युक्ती काय होती हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि समोर कोणी मोबाईल धरून उभा असेल, तर ते पडलेलं नाणं संध्याकाळपर्यंत रील होऊन फिरतं.

म्हणूनच नाण्यांची जादू करणारे कलाकार दोन गोष्टींवर बराच वेळ घालवतात. नाणी स्वच्छ ठेवणं आणि हाताची पकड सांभाळणं. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कामामागे रसायनशास्त्रही आहे आणि भौतिकशास्त्रही. ते नेमकं काय आहे, समजून घेऊया.

नाण्यांची जादू रंगमंचावर कशी आली?

नाणी गायब करण्याचे खेळ फार जुने आहेत. पण केवळ नाण्यांच्या जोरावर मोठं नाव कमावणारा कलाकार म्हणून टी. नेल्सन डाउन्स याचं नाव घेतलं जातं. १८६७ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जन्मलेला डाउन्स आधी रेल्वेत तारयंत्र चालवायचा. पुढे तो पूर्णवेळ जादूगार झाला आणि 'किंग ऑफ कॉइन्स' या बिरुदाने ओळखला जाऊ लागला. १८९९ मध्ये लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये त्याचे प्रयोग गाजले आणि १९०० मध्ये 'मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन' हे त्याचं पुस्तक आलं.

त्याचा सर्वांत प्रसिद्ध खेळ म्हणजे 'मायझर्स ड्रीम', म्हणजेच कंजुषाचं स्वप्न. हवेतून एकामागून एक नाणी काढायची आणि हॅटमध्ये किंवा बादलीत टाकत राहायची. पुढे १९५२ मध्ये जे. बी. बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' आलं आणि ते या कलेचं पाठ्यपुस्तकच ठरलं. आजही नाण्यांची जादू शिकणाऱ्याला सहसा हेच पुस्तक आधी सुचवलं जातं.

हातात नाणं टिकतं कशामुळे?

या कलेतला पायाभूत प्रकार म्हणजे 'पाम' करणं. नाणं तळहातात असं धरायचं की हात सैल आणि रिकामा दिसला पाहिजे. यात बोटांनी मूठ आवळता येत नाही. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग आणि त्याच्या समोरचा तळहाताचा भाग यांच्या बेचक्यात नाणं कडेने अडकवलेलं असतं. जोर लावला तर हात ताठ दिसतो आणि बघणाऱ्याला संशय येतो. त्यामुळे कमीत कमी दाबात नाणं टिकवायचं असतं आणि ते काम घर्षण करतं.

इथे एक गंमत आहे. त्वचा पूर्ण कोरडी असेल तर घर्षण कमी असतं आणि नाणं सटकतं. त्वचेत थोडा ओलावा असेल तर तिचा वरचा थर मऊ होतो, नाण्याला जास्त जागेवर चिकटतो आणि पकड वाढते. पण ओलावा आणखी वाढला, घामाचा पातळ थर मध्ये आला, की पकड पुन्हा घसरते. म्हणजे अगदी कोरडा हात नको आणि ओलाचिंब हातही नको. दोन्हींच्या मध्ये एक पट्टा असतो, जादूगाराला त्या पट्ट्यात राहायचं असतं.

बँकेतला कॅशियर नोटा मोजताना ओल्या स्पंजला बोट लावतो, त्यामागेही हेच कारण आहे.

नाण्याची कडही महत्त्वाची. अनेक नाण्यांच्या कडेला बारीक उभ्या रेघा असतात. पूर्वी सोन्या-चांदीच्या नाण्यांच्या कडा कापून धातू चोरला जायचा. रेघा असल्या की कापलेली कड लगेच ओळखू यायची, म्हणून त्या आल्या. जादूगाराला मात्र त्याच रेघा पकडीसाठी उपयोगी पडतात. आणि नेमक्या याच रेघांमध्ये मळ, तेल आणि साबणाचा थर साचतो. रेघा भरल्या की कड गुळगुळीत होते. त्यामुळे नाणं साफ करताना चेहऱ्यापेक्षा कडेकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

घाम नाण्याचं काय करतो?

तळहाताला तेलग्रंथी नसतात, घामाच्या ग्रंथी मात्र दाट असतात. शिवाय तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनावरच्या ताणाने जास्त सुटतो. परीक्षेच्या हॉलमध्ये पेन निसटायला लागतं ते यामुळेच. रंगमंचावर तर ताण ठरलेलाच. हाताला जे तेल लागतं ते चेहरा, केस किंवा खाण्यातून येतं.

घाम म्हणजे बहुतांश पाणी. पण त्यात मीठ असतं आणि थोडं लॅक्टिक आम्लही असतं. मीठ आणि आम्ल मिळून तांब्याच्या मिश्रधातूंवर हळूहळू परिणाम करतात. आधी चमक जाते, मग तपकिरी थर येतो आणि नाणी ओलसर जागी पडून राहिली तर हिरवट पुटं चढतात.

चांदीचं वेगळं आहे. हवेत अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा काळा थर बसतो. देवघरातली चांदीची निरांजनं काळी पडतात ती यामुळेच.

नाणी हाताळल्यावर बोटांना येणारा 'धातूचा वास'ही निव्वळ धातूचा नसतो. त्वचेवरच्या तेलाची धातूशी प्रक्रिया होऊन जे पदार्थ तयार होतात, तो त्यांचा वास असतो.

दोन धातूंच्या नाण्यांमध्ये आणखी एक भानगड होते. दोन वेगळे मिश्रधातू एकमेकांना चिकटलेले आणि मध्ये खारट घाम, म्हणजे एक छोटी बॅटरीच. २००२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात १ आणि २ युरोच्या नाण्यांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं होतं. कृत्रिम घामात ठेवल्यावर या नाण्यांमधून निकेल मोठ्या प्रमाणात बाहेर पडतं, असं त्यात दिसलं. आपल्याकडची १० आणि २० रुपयांची नाणीही दोन मिश्रधातूंची आहेत. निकेलची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला रोज तासन्‌तास नाण्यांचा सराव केल्यावर खाज किंवा पुरळ येऊ शकतं. असं झालं तर सरावाची नाणी बदलावीत आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.

जादूगार कोणती नाणी वापरतात?

जगभर नाण्यांच्या जादूत अमेरिकी हाफ डॉलर सर्वांत जास्त वापरला जातो. त्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर आणि वजन ११.३४ ग्रॅम. मोठ्या मंचासाठी ३८.१ मिलिमीटरचा चांदीचा मॉर्गन डॉलर आवडीचा. आपलं १० रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे. ते मित्रांच्या घोळक्यात चालतं, पण हॉलमध्ये मागच्या रांगेपर्यंत दिसत नाही. २०१९ मध्ये जाहीर झालेलं २० रुपयांचं नाणंही २७ मिलिमीटरचं, बारा कडांचं आणि कडेला रेघा नसलेलं.

गंमत म्हणजे ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया, म्हणजे आजी-आजोबांच्या तोंडचा 'राणीछाप' किंवा 'कलदार', आकाराने हाफ डॉलरच्या अगदी जवळ जातो. वजन ११.६६ ग्रॅम, व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास आणि कडेला रेघा. मात्र लक्ष्मीपूजनाला बाहेर निघणारी ही नाणी सरावाला घेऊ नयेत. चांदी महाग आहेच, शिवाय संग्राहकांच्या लेखी घासलेल्या नाण्याची किंमत उतरते.

जादूगारांच्या बोलण्यात 'सॉफ्ट कॉइन' हा शब्द वारंवार येतो. वर्षानुवर्षं वापरून ज्यांच्यावरची नक्षी झिजली आहे, अशी जुनी चांदीची नाणी. ती एकमेकांवर सहज सरकतात आणि एकमेकांवर आपटली तरी आवाज कमी करतात. या आवाजाला कलाकार नाण्यांचं 'बोलणं' म्हणतात. चार नाणी हातात लपवलेली असताना दोन नाणी बोलली, तर प्रेक्षकांना सगळं कळतं.

सगळी नाणी चकचकीत हवीत का?

नाही. ते खेळावर अवलंबून असतं.

मोठ्या मंचावर चमक लागते, कारण प्रकाश पडून नाणं लांबून दिसायला हवं. जवळून केलेल्या खेळात फार चकाकणारं नाणं उलट अडचणीचं ठरतं. लपवलेल्या हातातून एक झळक बाहेर पडली तरी पुरे.

एका खेळात मात्र स्वच्छता हाच प्राण असतो. त्यात चांदीचं आणि तांबूस अशी दोन नाणी जागा बदलतात. यासाठी हाफ डॉलरसोबत जुनी ब्रिटिश पेनी वापरतात, कारण कांस्याच्या त्या पेनीचा व्यास ३०.८ मिलिमीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. प्रेक्षकाला फरक कळतो तो फक्त रंगावरून. चांदी काळवंडली आणि पेनीही काळपट तपकिरी झाली, तर नाण्यांनी जागा बदलली हे कोणाच्या लक्षातच येणार नाही. खेळ बिनचूक होईल आणि टाळी मिळणार नाही.

नाणी धुवायची कशी?

रोजच्या स्वच्छतेसाठी साधी पद्धत पुरेशी आहे.

१. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाका. नाणी दहा मिनिटं बुडवून ठेवा.

२. जुन्या, मऊ टूथब्रशने कडेच्या रेघा साफ करा. चेहऱ्यावर जोर लावू नका.

३. वाहत्या पाण्याखाली साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. साबणाचा राहिलेला थर तेलाइतकाच निसरडा असतो.

४. सुती कापडाने टिपून घ्या आणि कापडावर अर्धा-एक तास पसरून ठेवा. ओली नाणी डबीत भरली तर डाग पडतात.

चांदी काळी पडली असेल तर घासण्याची गरज नाही. एका भांड्याच्या तळाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, त्यावर नाणी ठेवा, चमचाभर खायचा सोडा घाला आणि गरम पाणी ओता. नाणं फॉइलला टेकलेलं असायला हवं. काही मिनिटांत काळेपणा उतरतो. या प्रक्रियेत चांदीवरचं गंधक सुटतं आणि मूळ चांदी परत मिळते, त्यामुळे धातू झिजत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा.

तांब्याच्या किंवा कांस्याच्या नाण्यांना आपल्या स्वयंपाकघरातला जुना उपाय लागू पडतो. चिंचेचा कोळ किंवा लिंबू आणि मीठ. पण ही आम्लं नाण्यावर राहिली तर ते पुन्हा लवकर काळं-हिरवं होतं. त्यामुळे मिनिटभरातच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं करायला हवं.

हे मात्र करू नका

• भांडी चमकवायची पावडर, टूथपेस्ट किंवा तारेची घासणी वापरू नका. यात बारीक खरखरीत कण असतात. नाण्यावर चरे पडतात आणि मुलामा दिलेलं नाणं असेल तर तो निघून जातो.

• धातूचं पॉलिश लावून तसंच मंचावर जाऊ नका. त्याचा मेणकट थर पकड घालवतो. वापरलंच तर नंतर साबणाने धुवा.

• जादूसाठी खास बनवलेली नाणी पाण्यात बुडवू नका. काहींच्या आत लोहचुंबक असतो, काहींना बारीक रबर असतं. पाण्याने चुंबक गंजतो आणि तेलाने रबर सैल पडतं. ही नाणी किंचित ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडी करावीत.

• चांदीची नाणी रबरबँडने बांधू नका. रबरातल्या गंधकाने ती काळी पडतात. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटातही फार काळ ठेवू नका, त्यातून सुटणाऱ्या पदार्थांनी नाण्यांवर हिरवट चिकटपणा येतो. सुती पिशवी आणि तिच्यात सिलिका जेलची पुडी हा साधा, स्वस्त पर्याय आहे.

• पकड वाढावी म्हणून चलनातल्या नाण्याची कड कानशीने खरवडू नका. भारतात २०११ च्या नाणे कायद्यानुसार नाणी वितळवायला किंवा नष्ट करायला मनाई आहे. बदल केलेली नाणी हवीच असतील तर जादूच्या साहित्यात मिळणारी टोकन नाणी वापरावीत.

हात कोरडे पडत असतील तर?

विदर्भातली थंडी, दिवसभर एसीत बसणं, वारंवार सॅनिटायझर लावणं, यातल्या कशानेही तळहात कोरडे पडतात. सॅनिटायझरमधलं अल्कोहोल उडून जाताना त्वचेवरचा ओलावाही घेऊन जातं. प्रयोगाच्या दोन मिनिटं आधी सॅनिटायझर लावणं म्हणजे पकड स्वतःच्या हाताने घालवणं. त्यापेक्षा साबणाने हात धुणं चांगलं.

उपाय घरातलाच आहे. ग्लिसरीन हवेतलं पाणी धरून ठेवतं. त्याचे दोन थेंब थोड्या पाण्यात किंवा गुलाबपाण्यात मिसळून हाताला चोळायचे आणि मुरू द्यायचे. तेलकट नसलेलं हँड लोशनही चालतं. पण दोन्ही गोष्टी प्रयोगाच्या किमान वीस-तीस मिनिटं आधी. आयत्या वेळी लावलेलं लोशन त्वचेत मुरत नाही, ते नाण्यावर येऊन बसतं. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन मात्र प्रयोगाच्या दिवशी टाळावं.

आणि हात घामाने भिजत असतील तर?

मे महिन्यातली मुंबई किंवा कोकण असेल तर प्रश्न उलटा होतो. इथे लोक पहिल्यांदा टाल्कम पावडरकडे वळतात, पण टाल्क स्वतःच निसरडी असते. व्यायामपटू वापरतात तो मॅग्नेशियम कार्बोनेटचा खडू घाम शोषतो, मात्र काळ्या शर्टावर आणि नाण्यावर पांढरे ठसे उमटवतो. सरावात तो ठीक आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हात गार पाण्याने धुणं, पूर्ण पुसणं आणि खिशात सुती रुमाल ठेवणं. नाणं काढायला खिशात हात घालावा लागतोच, त्याच क्षणी तळवा रुमालाला लागू शकतो. प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही.

काहींच्या तळहातांना ताण नसतानाही सतत घाम येतो. हा एक वैद्यकीय प्रकार आहे आणि त्यावर उपचार आहेत. अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड असलेली औषधं यासाठी दिली जातात, पण ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत.

राळ किंवा चिकट मेण लावायचा मोह बऱ्याच नवख्यांना होतो. त्याने नाणं पडत नाही हे खरं, पण सोडायच्या वेळी सुटतही नाही. शिवाय चिकट नाण्यावर धूळ बसते.

प्रयोगाच्या दिवशी काय करायचं?

नाणी आदल्या रात्री धुऊन वाळवून ठेवावीत. प्रयोगाआधी वडापाव, भजी, वेफर्स हाताने खाऊ नयेत. अर्धा तास आधी हात धुऊन गरजेप्रमाणे लोशन लावावं. पाच मिनिटं आधी नाणं तळहातात धरून हात सैल सोडून चालून बघावं. नाणं टिकलं तर तयारी झाली. सटकलं तर हात कोरडे आहेत की ओले, हे बघून उपाय करायला अजून वेळ असतो.

नाण्यांचा दुसरा संच खिशात हवा. मंचावर हात अचानक कोरडे वाटले तर बाजूच्या थंड पाण्याच्या ग्लासाला हात लावावा. बाहेरून जमलेल्या थेंबांचा ओलावा पुरतो. आणि प्रयोग संपल्यावर नाणी तशीच पिशवीत न टाकता एकेक पुसून ठेवावी. घामाचं मीठ रात्रभर नाण्यावर राहू देऊ नये.

प्रेक्षकांच्या हाताचं काय?

नाण्यांच्या अनेक खेळांत प्रेक्षकाला 'हे नाणं मुठीत घट्ट धरा' असं सांगितलं जातं. बऱ्याचदा समोर लहान मूल असतं. ते नाणं त्याआधी वीस जणांच्या हातातून फिरून आलेलं असतं आणि मूल तोच हात तोंडात घालू शकतं. म्हणून प्रेक्षकांना द्यायची नाणी वेगळी ठेवून ती प्रत्येक कार्यक्रमानंतर साबणाने धुवावीत. नाणं तोंडात टाकून गायब करण्याचे खेळ मुलांसमोर करू नयेत. मुलं नक्कल करतात आणि नाणं घशात अडकू शकतं.

एवढं सगळं केलं तरी सरावाला पर्याय नाही. नाणं रोज हातात धरून घरातली कामं करत राहणं, ही जादूगारांची जुनी सवय आहे. चहा ओतताना, दार उघडताना, फोनवर बोलताना ते हातात असतं. हळूहळू हाताला त्याचं वजन जाणवेनासं होतं. स्वच्छ नाणं आणि नीट राखलेला हात त्या मेहनतीला ऐन वेळी दगा देत नाहीत, इतकंच.